राणी नीलाक्षीची शेळी

"वाचा," नेमूअण्णा म्हणाले. "मोठ्यानं वाचा."

पुस्तक माझंच होतं. एकशे अठ्ठाविसाव्या पानावरची शेवटची ओळ मला झोपेत उठवून विचारली असती तरी म्हणता आली असती. तरी वाचली. "सातवे कुलूप गळून पडले. राणी नीलाक्षीने थरथरत्या करांनी ते वज्रकपाट उघडले आणि पाहते तो काय, आत..."

"आता शेजारचं पान."

एकशे एकोणतीस. मी त्याच सुरात पुढे गेले. "...डाव्या अंगाने पोट फुगलेली शेळी धापा टाकत असते. अशी शेळी चारा सोडते व वरचेवर ऊठबस करते. तिला प्रथम चालती करावी."

मी थांबले. नेमूअण्णा थांबले नाहीत. त्यांना हसताना आवाज फुटत नसे, नुसतं पोट हलायचं. ते इतकं हललं, की टेबलावरची शाईची बाटली त्यांनी एका हातानं धरून ठेवली.

नेमिनाथ चौगुले म्हणजे सांगलीतले आमचे छापखानेवाले आणि माझे एकुलते एक प्रकाशक. 'सात कुलुपांचे राज्य' ही माझी पहिली अद्भुत कादंबरी त्यांनी छापली, त्याच आठवड्यात त्यांच्याकडे शेळीपालनाच्या एका मार्गदर्शिकेचंही काम होतं. मोठा कागद छापून घडी घातला की सोळा पानांचा एक फॉर्मा होतो. बांधणीच्या बायका टेबलाभोवती फिरत प्रत्येक ढिगातून एकेक फॉर्मा उचलतात आणि पुस्तक जुळवतात. माझ्या नवव्या फॉर्म्याच्या ढिगावर शेळ्यांचा नववा फॉर्मा येऊन बसला. आकार तोच, टाइप तोच, पानांचे आकडेसुद्धा तेच. पंचवीस प्रती तशा बांधल्या गेल्या. चोवीस अण्णांनी पकडल्या.

"आणि पंचविसावी?" मी विचारलं.

अण्णांनी डोळे पुसले आणि ड्रॉवरमधून एक आंतर्देशीय पत्र काढून दिलं.

'लेखक का. वि. सबनीस साहेब यांना सा. न. वि. वि. आमच्या आत्या म्हणजे सासूबाई सांगतात तसे लिहिते. तुमचे पुस्तक आवडले. पहिली पाच कुलपे जरा लांबली. परंतु शेळीपासून पुढे फारच छान आहे. राणीने केलेला उपाय आमच्या शेळीला लागू पडला, शेळी वाचली. तर आत्या विचारतात की राणीची स्वतःची शेळी जगली काय? पुढे कुठे उल्लेख नाही. कृपया कळवावे. सौ. मालन सरगर, सरगरवस्ती, आटपाडीच्या पुढे.'

या गोष्टीला आता अडतीस वर्षं होतील. पत्र मला अजून पाठ आहे, कारण पुस्तक निघून नऊ महिने झाले होते आणि वाचकाचं म्हणून मला आलेलं ते पहिलं पत्र होतं. पाचशे प्रतींमधून एका वाचकाला माझी कादंबरी आवडली होती, आणि तीही मी न लिहिलेल्या सोळा पानांसाठी. नेमूअण्णा हसत होते म्हणून मीही हसायला गेले, पण रडू आलं.

"अहो, रडता काय?" अण्णा घाबरले. "चुकीची प्रत बदलून द्यायची, हा आपला नियम आहे. आज पोस्टानं दुसरी पाठवून देतो."

"मी स्वतः जाऊन देते," मी म्हणाले. "त्यांना खरी पानं वाचू देत एकदा."

हे 'खरी' मी किती जोरात म्हटलं ते आठवलं की आता माझी मलाच गंमत वाटते.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर "कराड बोला, विटा बोला, आवाज येतोय का?" आणि दोन ट्रंककॉलच्या मध्ये बोर्डाखाली वही. लहानपणापासून मला जादूचं वेड. वाचनालयातली मुखपृष्ठ गेलेली, तेलाच्या डागांची जादूची पुस्तकं मी इतक्यांदा नेली, की ग्रंथपाल नोंद करायचेसुद्धा सोडून देत. रविवारी मॅटिनीला उडत्या गालिच्याचे सिनेमे लागायचे. गालिच्याची दोरी स्पष्ट दिसायची. माझा भाऊ ओरडायचा, "ती बघ दोरी!" मी दोरीकडे बघायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं. पुस्तकात मला फक्त राजवाडे हवे असत, स्फटिकाचे, दारात हत्ती झुलणारे. कुणी स्वयंपाक करायला लागलं किंवा जेवायला बसलं, की मी ती पानं उलटून पुढे जायची. भूक लागलेली राजकन्या मला आवडायची नाही. घरी आईला लागलेली दिसत होती, तेवढी पुरे होती.

दुसरी कादंबरी निम्मी लिहून मी ट्रंकेत टाकली होती. नऊ महिन्यांत कुणी हूं की चूं केलं नाही, तेव्हा आपल्याला हे येत नाही असं मनाशी ठरवून टाकलं होतं. आता हे पत्र. जखमेवर मीठ चोळतात तेही निदान आपल्याच पुस्तकातलं असावं की नाही?

रविवारची सुट्टी धरून निघाले. एसटीनं आटपाडीच्या पुढच्या फाट्यावर सोडलं, तिथून माळावरची पायवाट. बाभळी, दगड, मध्येच एखादी विहीर. सरगरवस्ती म्हणजे चार घरं. त्यातल्या पहिल्याच घरासमोर एक बाविशीची मुलगी गोवऱ्या थापत बसली होती.

"कोण पायजे?"

"मालन सरगर. मी सांगलीहून आले. का. वि. सबनीस... म्हणजे कालिंदी. ते पुस्तक माझं."

ती उठली, शेणाचे हात तसेच हवेत धरून उभी राहिली. मग धावत जाऊन हात धुऊन आली, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन. मी बाजेवर बसले. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की नऊ महिन्यांचा माझा राग निम्मा तिथंच उतरला.

"सासूबाई कुठं आहेत?"

"शेरडं घेऊन माळाला गेल्यात. येतील आता."

नवरा गलाईच्या कामाला कोइमतूरला होता. त्या बाजूचे पुरुष सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेले असतात, वर्षातून एकदा घरी येतात. घरात या दोघीच. मी पिशवीतून नवी कोरी प्रत काढली आणि गुरुजींनी चूक समजावून सांगावी तसं फॉर्म्याचं, ढिगाचं, बांधणीचं सगळं सांगितलं. "तेव्हा ती प्रत मला द्या आणि ही ठेवून घ्या. यात शेळी नाहीये. सात राजकन्या आहेत."

मालननं प्रत हातात घेतली नाही.

"मला ठावं हाय, ताई," ती खाली बघत म्हणाली. "दहावी झालीया मी. राणीच्या कपाटात 'नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे' असं कोण लिवंल?"

मी पुढे केलेली प्रत मांडीवर घेतली.

"पर आत्यास्नी ठावं न्हाई. तुमी सांगू नगा."

मग तिनं सांगितलं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच जत्रेत सासूनं तिला बांगड्या भरायला पाठवलं होतं. ती बांगड्या न भरता पुस्तक घेऊन आली. सासू, म्हणजे सारजाबाई, वस्तीवरच्या सगळ्या बायकांसमोर म्हणाली, की माझ्या घरात पुस्तक उघडलेलं दिसलं तर चुलीत घालीन, पुस्तकं वाचून कुणाचं पोट भरलंय? मालननं पुस्तक धान्याच्या कणगीमागे दडवलं. सासू माळाला गेली की चार-दोन पानं वाचायची.

"आन् एक दिस दुपारी आमच्या कबरीचं पोट फुगलं. आत्या नुसत्या तिच्याजवळ बसून हुत्या. मला ते पान आठवलं. काय व्हईल ते व्हवू दे म्हणलं आन् पुस्तक घेऊन आत्यांच्या म्होरं गेले. चालती करावी, डाव्या कुशीला चोळावं, गोडं तेल नि हिंग पाजावा. आत्या म्हणाल्या, वाच. म्या वाचत गेले, त्या करत गेल्या. कबरी उठली."

"मग?"

"मग आत्या म्हणाल्या, पुस्तकात शानपण हाय. रोज चारला वाचून दाखवायचं. तवापासनं रोज चारला एक तास. दोन शेजारणी पण येत्यात. चौथ्यांदा चाललंय." ती माझ्याकडे वळली. "आता तुमी म्हणाल की शेळी चुकून घुसलीया, तर आत्या म्हणतील, मग शेळीचं पुस्तक आण, हे खोटं कशाला? ताई, दिवसात त्यो एकच तास माझा हाय."

मी विचारलं, "पण चौथ्यांदा वाचताना त्यांना कळत कसं नाही? त्यात लसीकरण असेल, गोठ्याची मापं असतील."

मालन पहिल्यांदाच हसली. "'पशुपालकाने' आलं की मी 'राणीनं' म्हणते. लस टोचावी असं आलं की ऋषींनी बाभळीच्या काट्यानं मंत्र टोचला म्हणते. गोठ्याची मापं राजवाड्याला लावलीत. राजवाडा बारका झाला, पर आत्यास्नी पटला."

मला हसू आलं आणि त्याच वेळी हेवाही वाटला. बाभळीच्या काट्यानं मंत्र टोचणारा ऋषी मला दोनशे चौदा पानांत एकदाही सुचला नव्हता.

तेवढ्यात शेरडांच्या घुंगरांचा आवाज आला. पंधराएक शेळ्या अंगणात शिरल्या, मागून काठी टेकत सारजाबाई. उंच, वाळक्या, कपाळावर आडवं गोंदण. मालननं पुढं होऊन सांगितलं, "आत्या, पुस्तकाचे लेखक आलेत."

"कुटं हायती?" त्यांनी माझ्या अंगावरून पलीकडे बघितलं.

"ह्याच की."

"आगं बया! बाईमाणूस?" सारजाबाईंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. "मला वाटलं मिशीवाला आसंल कुणीतरी. बसा बाई, बसा. च्या टाक गं मालन. आन् कबरी, सर तिकडं, पावण्यांच्या पिशवीत तोंड घालतीया!"

तीच ती कबरी. पुस्तकानं वाचवलेली शेळी माझं पुस्तक खायला निघाली होती.

चार वाजले. दोन शेजारणी आल्या, एक निवडायला तूर घेऊन, एक गोधडी घेऊन. लिंबाच्या सावलीत सगळ्या बसल्या. सारजाबाई म्हणाल्या, "आज बाईच वाचतील."

मालननं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतली भीती मला दिसली. मी काही तिचं गुपित फोडणार नव्हते. पण लेखक ही जात मोठी लबाड असते. आपलं ते बाळ, ते एकदा तरी चारचौघांत मिरवून आणल्याशिवाय जीव राहत नाही. मी म्हणाले, "शेळीच्या जरा आधी मी नवा मजकूर घातलाय. तो वाचते." आणि नव्या प्रतीतलं पान एकशे एकोणतीस उघडलं.

वाचायला बसल्यावर मी भान विसरून वाचते. स्फटिकमहालाच्या भिंती, त्यांतून पाझरणारा निळा प्रकाश, सात मंचकांवर सात निद्रिस्त राजकन्या. पहिलीच्या केसांत माणकं, दुसरीच्या पाचू. तिसरीपर्यंत आले तेव्हा गोधडीवाली पेंगत होती. चौथीला तुरीवालीनं जांभई दिली आणि ती तोंडातच ठेवण्याचा प्रयत्न केला, माझ्या मानासाठी. पाचवीच्या केसांतल्या मोत्यांशी मी थांबले.

"ग्वाड लिवलंय," सारजाबाई सांभाळून म्हणाल्या. "पर बाई, एक इचारू? ह्या सात पोरी किती दिस झोपल्यात?"

"शंभर वर्षं."

"आन् हितं कुणी जेवत न्हाई का?"

"नाही... म्हणजे, शाप आहे ना."

"केस कोण विंचरतं? शंभर वर्सात माणकं गुतली असतील की. आन् एवढा मोठा म्हाल, झाडून कोण काढतं?"

तुरीवाली खुदकन हसली आणि लगेच तोंडावर पदर घेतला. मला राग यायला हवा होता. पण सारजाबाईंच्या तोंडावर चेष्टा नव्हती. त्यांना खरंच त्या मुलींची काळजी वाटत होती, जी मला लिहिताना एकदाही वाटली नव्हती.

"ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "राणीच्या शेरडाचं काय झालं ते सांगा. पत्तर त्याच्यासाठीच पाठवलं. म्या मालनला रोज इचारते, ती म्हणती, पुढच्या भागात आसंल."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. गोधडीवालीसुद्धा जागी झाली. मी पुस्तक मिटलं. त्यात उत्तर नव्हतं, दोन्ही प्रतींत नव्हतं.

"राणीनं शेळीला चालती केली," मी सुरुवात केली. पुढं काय, मला ठाऊक नव्हतं.

"नाव काय शेरडाचं?"

मी मालनकडे बघितलं. "मोरी," मालन पटकन म्हणाली.

"मोरी. राणी आयुष्यात कधी अनवाणी चालली नव्हती. पण जोडा घातला की फरशीवर आवाज होई आणि मोरी बुजे. म्हणून राणीनं जोडे काढले. सात दरवाज्यांतून ती मोरीला घेऊन फिरली."

"पायात खडे गेलं आसतील," तुरीवाली म्हणाली.

"गेले की. शेवटी मोरी उभी राहिली, पोट उतरलं आणि ती ओरडली. तो आवाज महालात असा घुमला, की ज्या मुली शंभर वर्षं मंत्रानं उठल्या नव्हत्या त्या शेळीच्या ओरडण्यानं उठल्या. उठल्या त्या भुकेनं कळवळत. धाकटी रडायलाच लागली."

"लागणारच," सारजाबाई म्हणाल्या.

"मग राणी दूध काढायला बसली..."

"थांबा." काठी जमिनीवर आपटली. "फुगल्या शेरडाचं दूध त्या दिशी पोरांस्नी पाजत न्हाईत."

"तेच सांगते ना. राणी बसली, पण मोरीनं लाथ मारली. मग राणीलाही कळलं, आज नको."

"आन् पोरी उपाशी?"

मी अडकले. सात राजकन्या, एक आजारी शेळी आणि खायला काही नाही. स्फटिकाचा महाल कुणाच्या पोटात घालणार? तेव्हा मालन बोलली, अगदी हळू.

"राणीनं भाकरी केली की, आत्या. तिला कुटं येतीया? पैली करपली. दुसरी तव्याला चिकाटली. धाकटी म्हणली, आय, आमी शंभर वर्सं थांबलो, आनिक जरा थांबतो."

लिंबाखाली असं हसू फुटलं की शेळ्या दचकल्या. मी मालनकडे बघत राहिले. मग तिनं एक वाक्य टाकायचं, मी दुसरं. मी राक्षस आणला, तिनं त्याला जळण फोडायला बसवलं. मी ऋषी आणला, तुरीवालीनं त्याला मीठ कमी पडल्याचं सांगायला लावलं. सारजाबाई मध्ये मध्ये काठी आपटून शेळीशास्त्राच्या चुका दुरुस्त करत होत्या. तासाचा दीड तास झाला. माझ्यासमोर चार बायका हातातलं काम थांबवून माझी गोष्ट ऐकत होत्या, आणि मला फार आनंद झाला होता. असं आधी कधी झालं नव्हतं. बोर्डाखालच्या वहीत तर नाहीच.

"तर मोरी जगली," मी शेवटी म्हणाले. "आणि व्याली. दोन करडं झाली."

"पाट का बोकड?"

"एक पाट, एक बोकड."

सारजाबाईंनी मान डोलावली. "मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

साडेपाच वाजून गेले होते, शेवटची एसटी साडेसहाची. मी दोन्ही प्रतींकडे बघितलं. सारजाबाईंच्या देखत मालनला म्हणाले, "तुझीच प्रत चांगली आहे गं. ही माझी मी परत नेते." मालननं जुनं पुस्तक पदराखाली घेतलं. मला फाट्यापर्यंत पोचवायला सारजाबाई निघाल्या. मालन येते म्हणत होती, पण तिला त्यांनी शेरडांना पाणी दाखवायला लावलं.

निम्मी वाट सरली. मग सारजाबाई म्हणाल्या, "बाई, सुनंला सांगणार नसशील तर एक सांगते. म्या हाय तवर बोलायचं न्हाई."

अहो-जाहो संपलं होतं. मी हो म्हणाले.

"पन्नास वर्सं शेरडं राखलीत म्या. लगीन होऊन आले तवा आठ हुती, आता पंधरा हायती. फुगल्या शेरडाला तेल नि हिंग पाजायचा, हे मला पुस्तकानं शिकवायचं व्हय?"

मी वाटेतच थांबले. इतकी साधी गोष्ट ना मला सुचली होती, ना मालनला.

"हिंगाची पुडी त्या दिशी माझ्या मुठीतच हुती," सारजाबाई म्हणाल्या. "उठून तेल आणायला निगणार, एवढ्यात ही आली पळत. हातात पुस्तक, तोंड पांढरंफटक. म्या पुडी कमरंला खवली आन् म्हणलं, वाच."

"पण का?"

"जत्रंतनं आली तवा चार बायकांत बोलून बसले हुते ना, चुलीत घालीन म्हणून. माझा बोललेला शबुद मागं जात न्हाई, सगळी वस्ती जाणती. आन् पोरगी तर दिसभर मुक्यानं राबायची. नवरा तिकडं परमुलखात. जेवायची न्हाई, हसायची न्हाई. कणगीमागनं पुस्तक काढून वाचायची, ती म्या दोनदा बघितली. वाचताना तिचं तोंड येगळंच दिसायचं. पर आता आपण हून कसं म्हणायचं, वाच म्हणून? लोक काय म्हणतील, सारजी नमली." त्यांनी काठीनं वाटेतला एक दगड बाजूला केला. "बरं झालं बघ कबरीचं पोट फुगलं ते."

फाटा आला. लांबवर एसटीची धूळ दिसत होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पडले. त्यांना ते आवडलं नाही, उठ उठ म्हणाल्या.

मी शब्द पाळला. सदतीस वर्षं पाळला. मागच्या माघात सारजाबाई गेल्या, नव्वदी पार करून. मालन, तू माझ्या प्रत्येक कादंबरीची पहिली वाचक आहेस, तेव्हा हेही तूच आधी वाचशील. तुला आता कळलेलं बरं.

तर त्या दिवशी एसटी थांबली आणि मी पायरीवर चढले. कंडक्टरनं घंटी मारायला हात वर केला. सारजाबाईंनी काठीनं दार अडवलं.

"फुडचं पुस्तक कवा?"

मी ट्रंकेतल्या निम्म्या वहीबद्दल काही बोलले नाही. "लिहिते," म्हणाले. "पुढच्या वर्षी."

"त्यात कोंबड्यांचं घाल," सारजाबाई म्हणाल्या. "कोंबड्यांचं मला खरंच कळत न्हाई."